तुम्ही विचारलंत म्हणून : वस्तऱ्याने कापत नाही का?

गेली नऊ वर्षे मी स्वतःची दाढी वस्तऱ्याने करतो. हे ज्यांना कळते त्यांच्यापैकी बहुतेकजण, नकळत स्वतःच्या गळ्याकडे हात नेत, मला एकच प्रश्न विचारतात : कापत नाही का? आजवर मी त्यावर “सवय झाली की नाही कापत” एवढेच उत्तर देत आलो आहे. ते उत्तर अपुरे आहे. वस्तऱ्याने कापते, मलाही कापले आहे, आणि माझे शिकणे झाले ते बहुतांशी प्रत्येक वेळी कशामुळे कापले याचा शोध घेतल्यामुळे. म्हणून या वेळी नीट लिहितो.

मी वापरतो तो वस्तरा म्हणजे मुठीत घडी होणारे, एकसंध पोलादाचे, पुन्हा पुन्हा धार लावून वापरायचे पाते. अर्धे ब्लेड अडकवून वापरायचा वस्तरा दिसायला तसाच असला तरी त्याचे पाते हलके असते आणि धार अधिक बोचरी असते. नवशिक्याला तो सोपा वाटतो, पण माझ्या अनुभवात चूक तो अजिबात पोटात घालत नाही. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश इंच रुंदीचे आणि पुढचे टोक गोल असलेले पाते शिकण्यासाठी चांगले. टोकदार कोपऱ्याचा वस्तरा सुंदर दिसतो, परंतु पहिल्या वर्षी तो हातात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या हत्याराची भीती माणसांना फार पूर्वीपासून वाटत आली आहे. झाँ-झाक पेरे या पॅरिसच्या कारागिराने, सुताराच्या रंध्याला पाते जसे थोडेसेच बाहेर काढून बसवतात त्या धर्तीवर, वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवले आणि आपली दाढी आपणच कशी करावी हे शिकवणारे पुस्तकही १७६९ साली लिहिले. पुढे १९०४ साली किंग कँप जिलेटला बदलत्या ब्लेडच्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले. त्या रेझरमध्ये ब्लेडच्या पुढे जी पट्टी असते, ती त्वचेवर टेकली की ब्लेड त्वचेशी किती अंशांत राहील ते बरेचसे आपोआप ठरते. वस्तऱ्याला अशी पट्टी नाही. कोन सर्वस्वी आपल्या मनगटात असतो, आणि कापण्याची बहुतेक कारणे इथूनच सुरू होतात.

पाते गालावर सपाट टेकवावे आणि मग त्याची पाठ त्वचेपासून साधारण ३० अंश उचलावी. अंश कोणी मोजत बसत नाही. पात्याच्या पाठीची जाडी आणि त्वचेपासूनचे तिचे अंतर यांचा अंदाज डोळ्यांना लवकर येतो. पाठ फार खाली राहिली तर केस ओढले जातात, फार उचलली तर धार त्वचेत रुतते. मात्र कोनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाते सरकण्याची दिशा. धारेच्या काटकोनात पुढे जाणारे पाते त्वचेवरून घसरत जाते. तेच पाते धारेच्या रेषेत, म्हणजे करवतीसारखे, किंचित जरी आडवे सरकले तरी त्वचा कापली जाते. माझी पहिली जखम अशीच झाली. तिसऱ्या आठवड्यात, कानाच्या पाळीखाली, माझी नजर आरशात पात्याच्या मधल्या भागावर होती आणि पुढचे टोक कुठे आहे याचा मला विसर पडला होता. कळ आली नाही. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली तेव्हाच काय झाले ते समजले. त्या दिवसापासून मी पात्याच्या मध्याकडे पाहणे सोडले आणि टोकाकडे पाहू लागलो.

लोक वस्तरा धरलेल्या हाताविषयी विचारतात. मला मात्र दुसऱ्या हाताविषयी अधिक बोलावेसे वाटते. त्वचा ताणलेली नसेल तर धारेपुढे तिची बारीक लाट उठते आणि कापली जाते ती ती लाट. गालासाठी दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कल्ल्याजवळची त्वचा वर ओढावी लागते. जबड्याचे हाड हे सर्वांत कठीण वळण आहे, कारण सपाट पाते गोल हाडावर फिरवायचे असते. तिथे हाडाखालची त्वचाच वर गालाच्या सपाटीवर ओढून घेतली तर वळण उरतच नाही. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर घट्ट ताणून नाक किंचित वर उचलावे. हनुवटीला मात्र यातली एकही युक्ती पुरेशी पडत नाही. तिथले केस राठ, वळण लहान आणि त्वचा ताणायला जागा कमी. हनुवटी मला जमायला जवळजवळ चार महिने लागले, आणि आजही मी तिथे हात सर्वांत सावकाश चालवतो. फेसाने बुळबुळीत झालेली त्वचा बोटांतून निसटते, म्हणून ताणणाऱ्या हाताची बोटे मी आधी कोरडी पुसून घेतो. ही लहानशी सवय मला बऱ्याच जखमांपासून वाचवत आली आहे.

केस कुठल्या दिशेने उगवतात हेही त्याच दुसऱ्या हाताने शिकावे लागते. दोन दिवसांची दाढी वाढू द्यावी आणि कोरड्या बोटांनी चेहरा चाचपावा : ज्या दिशेने बोटे सहज फिरतात ती केसांची दिशा, जिथे अडतात ती उलट. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस खाली न वाढता आडवे, कानाच्या दिशेने वाढतात. वीस वर्षे साध्या रेझरने दाढी करूनही मला हे माहीत नव्हते, आणि गळ्याच्या त्याच भागावर नेहमी पुरळ का उठते याचे कारणही त्यामुळे कळले नव्हते. वस्तऱ्याची पहिली फेरी केसांच्या कलाने, दुसरी गरज असेल तर आडवी. उलट्या दिशेने वस्तरा फिरवण्याचे धाडस मी सहा महिन्यांनंतर केले, आणि गळ्यावर अजूनही करत नाही.

पहिले दोन आठवडे मी फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने केले आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने संपवली. मग जबडा, मग गळा, त्यानंतर वरचा ओठ आणि शेवटी हनुवटी. शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा करण्याचा हट्ट धरू नये. दोन्ही हातांनी वस्तरा धरायला शिकावे की नाही यावर मतभेद आहेत; मी शिकलो, कारण एकाच हाताने दोन्ही बाजू करताना आपलाच हात आरशाच्या आड येतो, आणि न दिसणाऱ्या जागी पाते फिरवणे मला पटत नाही.

आता माझ्या सर्वांत वाईट जखमेविषयी लिहितो, कारण ती धारेमुळे झाली नव्हती, धार नसल्यामुळे झाली होती. तिसऱ्या महिन्यात प्रत्येक दाढीनंतर चेहऱ्याची आग होऊ लागली. केस सहज निघेनात, म्हणून मी नकळत जोर देऊ लागलो, आणि हनुवटीवर पाते अडखळून एकदम पुढे गेले. ती खूण अजून आहे. दोष माझ्या परजण्यात होता. दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजतात, तेव्हा पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या ठेवून पाते सरकवायचे असते; टोकाला पोहोचल्यावर ते पाठीवरच उलटून परत आणायचे असते. परजल्याने धारेची अतिसूक्ष्म कड सरळ होते आणि साफ होते. मी पट्टा सैल धरत होतो, आणि उलटण्याच्या घाईत पाठ आधी उचलत होतो. त्यामुळे रोज सकाळी मी धार नीट करण्याऐवजी मोडत होतो, आणि तशा बोथट पात्याने दाढी करायला बसत होतो. एका जाणकाराकडून वस्तऱ्याला नव्याने धार लावून घेतली आणि महिनाभर परजण्याचाच सराव केला : पट्टा ताठ, हात हलका, वेग अगदी कमी. वेग पुढे आपोआप येतो. आता मी आधी कापडी पट्ट्यावर वीस आणि मग चामड्यावर पन्नास फेऱ्या मारतो, आणि त्या मोजण्याची दोन-तीन मिनिटे मला दिवसातली फार चांगली वाटतात.

धार केसांनी बोथट होते हे अनेकांना खरे वाटत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०२० साली दाढीच्या साध्या ब्लेडवर प्रयोग करून दाखवले की, पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही, तो वाकायला मोकळा असेल आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना असमान असेल, तर धारेचा कपचा उडवू शकतो. वस्तरा रोज परजावा का लागतो हे केवळ तेवढ्याने स्पष्ट होत नाही, परंतु धार किती नाजूक गोष्ट आहे हे त्यावरून कळते. म्हणूनच केस आधी भिजवायचे. मी आंघोळीनंतर दाढी करतो, आणि ते जमले नाही तर निदान तीन मिनिटे गरम पाण्याचे फडके चेहऱ्यावर धरतो. पाणी शोषलेला केस फुगतो, मऊ होतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. फेस ब्रशने घोळून, पाणीदार आणि दाट करावा. हवा भरलेला फुसका फेस दिसायला भरगच्च दिसतो, पण पात्याखाली वाळतो.

दगडावर धार लावणे हा वेगळा विषय आहे आणि पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये. पात्याची पाठ आणि रुंदी यांचे प्रमाण असे ठेवलेले असते की पाते दगडावर सपाट टेकवले की धारेचा कोन, साधारण १६ ते १७ अंश, आपोआप मिळतो. मला ही रचना या हत्यारातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नीट परजत राहिले तर दगडाची गरज काही महिन्यांतून एकदाच पडते.

दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावरून तुरटी फिरवली की हात कुठे जड पडला ते लगेच समजते, कारण तिथेच चुरचुरते. पाते पुसून पूर्ण कोरडे करावे आणि काही दिवस ठेवून द्यायचे असेल तर तेलाचा हात लावावा, कारण कार्बन पोलादावर गंज लवकर चढतो आणि तो धारेपासूनच सुरू होतो. आपला वस्तरा दुसऱ्या कोणालाही वापरू देऊ नये; रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत यात संकोच नको.

ताप असेल, झोप झाली नसेल किंवा वेळ कमी असेल त्या दिवशी मी वस्तरा काढत नाही, सेफ्टी रेझर वापरतो. उजव्या जबड्यावरच्या तिळाभोवतीही तोच वापरतो. शेवटचे कापले त्याला आता चौदा महिने झाले. वस्तरा गालावर असताना दाराची घंटा वाजली आणि मी मान वळवली होती. आता घंटा वाजली तर आधी हात चेहऱ्यापासून दूर जातो, पाते मिटते, आणि मगच मान वळते.