आईसाठी जागा बघताना

आज आईला घेऊन पुण्याजवळच्या दोन जागा बघून आले. पहिलं ज्येष्ठांचं संकुल. फ्लॅट आपला, जेवण मेसचं, पण अंघोळ-औषधं ज्याची त्यानं बघायची. म्हणजे हातपाय चालतात तोवरच! दुसरीकडे आया, नर्स, रात्रपाळी सगळं. तिथे डिपॉझिट भरायचं आणि वर महिन्याचे पैसे. मी विचारलं, अंथरुणाला खिळल्यावरही ठेवता का? डायपरचे पैसे वेगळे? डिपॉझिट परत कधी? (पहिल्याच प्रश्नाला मॅनेजरबाई चहा सांगायला उठल्या.)

२००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो, असं मी गाडीत गमतीनं म्हटलं. आईचं लक्ष नव्हतं. ती तिथल्या स्वयंपाकघरात डोकावून आली होती.

"आमटीत गूळ घालत नाहीत गं."