टाचेचे हाड आणि छेदाची लांबी

‘डॉक्टर, टाच फारशी न उघडता, छोट्या छेदातून हाड बसवता येणार नाही का?’ उंचावरून पडलेल्या रुग्णांचे नातेवाईक एक्स-रे हातात धरून मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहायला हवे असे वाटले. पुष्कळदा बसवता येते. मात्र हाड कसे फुटले आहे आणि पडून किती दिवस झाले आहेत, यावर ते अवलंबून असते.

उंचावरून पायांवर पडल्यावर घोट्यातले टॅलस हे हाड पाचरीसारखे खालच्या टाचेच्या हाडात घुसते. आतून जाळीदार असलेले ते हाड पिचते, खचते, रुंद होते, आणि साधारणपणे चारांपैकी तीन रुग्णांत फट सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. टाचेच्या हाडाची उंची एक्स-रेवर ज्याने मोजतात तो, एरवी २० ते ४० अंशांचा असलेला बोलरचा कोन अशा वेळी कमी होतो, कधी उलटाही होतो. पण सांध्याचे नेमके किती तुकडे झाले आहेत हे सीटी स्कॅनवरच कळते.

रूढ शस्त्रक्रियेत टाचेच्या बाहेरच्या बाजूला एल आकाराचा मोठा छेद घेऊन प्लेट बसवतात. त्यातून सगळे हाड दिसते, हा तिचा खरा गुण आहे. परंतु तिथली कातडी पातळ असते आणि तिच्याखाली स्नायूंचे आवरण नसते, त्यामुळे सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुधा १० ते १४ दिवस, थांबूनही छेदाचा कोपरा काळा पडण्याची आणि जखम चिघळण्याची धास्ती राहतेच. धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेह असणाऱ्यांत ती अधिक असते. चांगल्या बसवलेल्या हाडावरची जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही, तेव्हा रुग्णाइतकाच मीही खचतो, आणि म्हणूनच लहान छेदाचा आग्रह मला रास्त वाटतो.

मागचा तुकडा जिभेसारखा सलग वर उचलला गेला असेल, तर त्यात जाड पिन घालून तरफेसारखा तो खाली बसवायचा आणि कातडीतूनच स्क्रू घालायचे, ही एसेक्स-लोप्रेस्टी या ब्रिटिश शल्यविशारदाची १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आजही उपयोगी पडते. हाच तुकडा मागच्या कातडीला आतून ताणत असेल, तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते, नाहीतर कातडी मरते. सांधा खचला असेल तर माझी पसंती सायनस टार्सी छेदाला असते: बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून चौथ्या बोटाच्या रोखाने जाणाऱ्या तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून सांधा डोळ्यांनी पाहून तुकडा उचलता येतो आणि स्क्रू किंवा लहान प्लेट बसवता येते. या पद्धतींना वेळेचे बंधन आहे. दोन आठवडे उलटल्यावर तुकडे चिकटू लागतात आणि लहान छेदातून ते हलत नाहीत. सांध्याचा चुराडा झाला असेल, तर छेद लहान ठेवण्याच्या हट्टापायी सांधा वेडावाकडा सोडणे मला मान्य नाही.

काहींना शस्त्रक्रियाच नको असते, आणि तोही विचार गंभीरपणे करावा लागतो. ब्रिटनमधील १५१ रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेने दोन वर्षांनंतर वेदना किंवा हालचाल यांत अधिक फायदा दिसला नाही, गुंतागुंत मात्र वाढली. अर्थात, टाच फार विद्रूप झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते.

छेद कितीही लहान असला, तरी त्या पायावर सहा ते बारा आठवडे भार देता येत नाही, कारण हाड जुळायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.