जैसलमेर की बिकानेर? थरच्या वाळवंटातली सुट्टी ठरवताना

थरच्या वाळवंटात जायचं ठरलं की यादीत ही दोन नावं हमखास येतात, आणि चार रात्रींत दोन्ही उरकायचा बेत आखला जातो. सहल तिथेच बिघडते. जोधपूर ते जैसलमेर सुमारे 285 किमी, जैसलमेर ते बिकानेर सुमारे 330 आणि बिकानेर ते जोधपूर सुमारे 250. हा त्रिकोण पुरा करताना जवळजवळ दोन दिवस गाडीतच जातात, आणि दोन्हीकडची सकाळ आणि संध्याकाळ, म्हणजे बघण्यासारखी वेळच, हातची निसटते. तीन-चार रात्री असतील तर एकच शहर घ्या. दोन्ही हवीत तर किमान सहा रात्री काढा.

वाळूच्या टेकड्या, पिवळ्या दगडाचं गाव आणि मोकळं आकाश हवं असेल, बरोबर मुलं असतील, तर जैसलमेर. राजवाड्याच्या आतलं रंगकाम आणि सोन्याचं काम, जुन्या पेठा आणि खाणं यांत रमणारे असाल किंवा बरोबरच्या ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील, तर बिकानेर. बिकानेरजवळ रायसरलाही वाळूचे धोरे आहेत, पण फक्त वाळूसाठी बिकानेरला जाऊ नये.

जैसलमेरचा किल्ला रावल जैसलने 1156 मध्ये वसवला. सुमारे 76 मीटर उंचीच्या त्रिकूट टेकडीवर तो उभा आहे आणि आत आजही माणसं राहतात. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडत चढ चढावा लागतो. फरशा पावलांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, राजवाड्याच्या संग्रहालयाला आहे. जैन मंदिरं मात्र पर्यटकांसाठी साधारण दुपारी बारापर्यंतच खुली असतात, आणि कातडी पट्टा किंवा पाकीट आत नेता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी आठला वर, आधी मंदिरं, मग संग्रहालय. दुपारी पोचलात तर मंदिरांची दारं बंद दिसतील.

राहण्याची खोली किल्ल्याच्या आत घेऊ नका. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी खालून भरून आणलं जायचं. नळ आले, न्हाणीघरं वाढली आणि सांडपाणी खालच्या मऊ थरात मुरू लागलं. पाया खचतो, बुरूज ढासळतात, आणि हे घडलेलं आहे. पाहुण्यांच्या प्रत्येक आंघोळीचं पाणी त्याच पायात मुरण्याची भीती असते. आठशेहून अधिक वर्षं टिकलेली वास्तू आपल्या दोन रात्रींच्या हौसेपोटी खिळखिळी करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. गावात, गडीसर तलावाच्या बाजूला, गच्चीवरून किल्ला दिसणारी खोली घ्या. किल्ला आतून दिसतो त्यापेक्षा तिथून छान दिसतो.

पटवों की हवेली ही एक नसून पाच हवेल्यांची रांग आहे आणि तिकिटं वेगवेगळी आहेत. दारावरचा माणूस कुठल्या हवेलीचं तिकीट देतोय ते विचारून घ्या. वेळ कमी असेल तर नथमलच्या हवेलीसमोर पंधरा मिनिटं उभे राहा. हाथी आणि लालू या दोन भावांनी दर्शनी भाग अर्धा अर्धा कोरला. रस्त्याच्या मध्यावरून पाहिलं तर दोन्ही बाजू सारख्या वाटतात. मग एकेक खिडकी जुळवून बघा: कोरीवकाम डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. दाराशी पिवळ्या दगडाचे दोन हत्ती आहेत.

वाळूसाठी सम (गावापासून सुमारे 42 किमी) की खुरी (नैर्ऋत्येला, साधारण तेवढंच) हा इथला खरा प्रश्न. समच्या टेकड्या मोठ्या, पण हिवाळ्याच्या सुट्टीत सूर्यास्ताला तिथे जीप, उंटगाड्या आणि तंबूंमधला डीजे यांची गर्दी असते. शांतता हवी तर खुरी, किंवा समलाच रात्री मुक्काम करून पहाटे वाळूवर जा. जानेवारीत सूर्योदय सव्वासात-साडेसातला होतो, तेव्हा वाळूवर वाऱ्याच्या लाटा ताज्या असतात आणि माणसं नसतात.

तंबूचं आरक्षण करताना फक्त दर विचारू नका. शहरातून नेणं-आणणं, उंटाची फेरी (किती मिनिटं आणि एका उंटावर किती जण), जीप, संध्याकाळचं गाणं, दोन वेळचं जेवण, गरम पाणी यांतलं काय धरलंय ते लिहून मागा. स्वस्त तंबूचं बिल वाढतं ते याच गोष्टींनी. तंबू वाळूच्या टेकड्यांपासून किती दूर आहे हेही विचारा. बरेचसे तंबू रस्त्याकडेच्या सपाट जागेवर असतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून शहरातून तीन-साडेतीनला निघा.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळी शरीर मागे रेला आणि खोगिराची मूठ घट्ट धरा. बहुतेक जण पडतात ते उतरताना, कारण फेरी संपली म्हणून हात सुटलेले असतात. वाळूत मोबाइल आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा. लेन्स तिथे बदलू नका.

समच्या भोवती 3,162 चौरस किमीचं मरू राष्ट्रीय उद्यान आहे. सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी फिरून रिकाम्या हाती परतलेल्यांनी इथली एक सकाळ राखून ठेवावी. तोच पक्षी इथे गोडावण म्हणून राजस्थानचा राज्यपक्षी आहे. उद्यानातल्या सुदासरीच्या राखीव कुंपणात जायला वनखात्याची परवानगी लागते, ती आदल्या दिवशी काढा.

पाकिस्तान सीमेजवळचं तनोट माता मंदिर आणि 1971 च्या लढाईचं लोंगेवाला करायचं तर पूर्ण दिवस द्या. तनोट सुमारे 120 किमी. वाटेत रामगढला टाकी भरून घ्या, माणशी तीन लिटर पाणी ठेवा, मूळ आधार कार्ड बरोबर असू द्या, ड्रोन आणूच नका. अंधार पडायच्या आत परता. रात्री रस्त्यावर गुरं आणि मेंढ्या बसलेल्या असतात.

जैसलमेरहून बिकानेरला जाताना पोखरण, रामदेवरा, फलोदी अशी वाट आहे. फलोदीजवळच्या खीचनला सप्टेंबर ते मार्च कुरजां येतात, म्हणजे आपले करकोचे, हजारोंच्या संख्येने. ते सकाळी चुग्गाघरात, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकायच्या कुंपणात, दाणे टिपतात आणि मग तळ्यांकडे जातात. दाणे टिपतानाचा थवा पाहायचा असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम फलोदीत करा. पहाटे जैसलमेर सोडून तिथे पोचेपर्यंत चुग्गाघर रिकामं होत आलेलं असतं, मग तळ्यावरच समाधान मानावं लागतं.

बिकानेरचा जुनागड सपाट जमिनीवर आहे. राजा रायसिंहाच्या काळात, 1589 ते 1594 दरम्यान तो बांधला गेला. आत जिने आहेत, पण जैसलमेरसारखी टेकडी नाही. अडीच तास ठेवा. अनूप महालातलं लाखेचं आणि सोन्याचं काम सगळेच बघतात. बादल महालात मात्र लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. तिथे थांबा. भिंतींवर निळे ढग, मधून विजांच्या रेघा, खाली पावसाच्या सरी. पावसाची वाट बघणाऱ्या मुलखाने तो असा घरात रंगवून ठेवला आहे. संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातलं विमानही आहे.

देशनोकचं करणी माता मंदिर 30 किमीवर. उंदरांमुळे (तिथे त्यांना काबा म्हणतात) पाय घासत चाला, उचलून टाकू नका. जुने मोजे नेऊन ते तिथेच टाकून द्या. ज्यांना किळस वाटते त्यांनी बाहेर बसण्यात काही गैर नाही. उंट संशोधन केंद्र दुपारीच पाहावं, उंट चरून परततात तेव्हा; उंटिणीच्या दुधाची कुल्फी तिथे मिळते. रामपुरिया हवेल्यांच्या लाल दगडासाठी संध्याकाळचं ऊन धरा. भुजिया मटकीच्या पिठाची असते आणि तिला भौगोलिक मानांकन आहे. जुन्या शहरात, समोर तळून निघणारी घ्या आणि थंड झाल्यावरच पिशवी बंद करवा, नाहीतर वाफेने मऊ पडते. रसगुल्ल्याचे डबे विमानाच्या हातसामानात अडवले जातात, ते खालच्या सामानात द्या.

मुंबईहून जोधपूरला रोज सूर्यनगरी एक्सप्रेस आहे, बिकानेरला थेट रणकपूर एक्सप्रेस. जैसलमेरला थेट गाडी आठवड्यातून मोजकीच, म्हणून जोधपूरला उतरून पुढे जाणं सोपं. जोधपूर ते जैसलमेर पाच ते सहा तास धरा.

हंगाम मध्य ऑक्टोबर ते मध्य मार्च. दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते 1 जानेवारी टाळा. दर चढतात आणि सम तुडुंब भरतं. फेब्रुवारी सर्वांत सुखाचा. जानेवारीत रात्री पारा एक आकडी होतो आणि तंबूत थंडी जास्त बोचते. कानटोपी, लोकरी मोजे आणि आतून घालायचे गरम कपडे न्या. एप्रिलनंतर जाऊ नका: 19 मे 2016 ला याच फलोदीत 51 अंश तापमान नोंदलं गेलं होतं.