दहा वॅटचा डबा

माझा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, दहा वॅटचा, सहा इंची स्पीकरचा, गिटारसोबत सेटमध्ये आलेला. घरी त्याला 'डबा' म्हणतात आणि आवाजही डब्यातून आल्यासारखाच. दिवाळीचा बोनस हातात पडला तेव्हा ठरवलं, यंदा मोठा घ्यायचाच.

मनात भरला होता फेंडर कंपनीचा ब्लूज ज्युनियर हा अ‍ॅम्प. पंधरा वॅट, बारा इंची स्पीकर, आत खरेखुरे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे. रविवारी आम्ही वाजवायला ज्या भाड्याच्या जॅम रूममध्ये जमतो तिथे तो आहे. ड्रमवाला पेटला की मी व्हॉल्यूम चढवतो आणि सूर कडेकडेने किंचित फाटायला लागतात. त्या फाटण्यावरच तर जीव जडलेला.

एका रविवारी मी अर्धा तास आधी पोचलो आणि तोच अ‍ॅम्प आमच्या फ्लॅटमध्ये रात्री साडेनऊला चालेल एवढ्या आवाजावर वाजवून पाहिला. (खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, त्यामुळे तो आवाज मला नेमका ठाऊक आहे.) फाटणं गायब! मास्टर, म्हणजे शेवटच्या आवाजाचं बटण, कमी ठेवून गुरगुर काढता येते, पण ती निराळी. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हवर ताण आल्याशिवाय तो सूर निघत नाही, आणि ताण यायचा तर भिंती हादरायला हव्यात.

वॅटचं गणितही फसवं. दहाचे वीस वॅट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट लागतात. मग एवढ्या हळू आवाजातही तो अ‍ॅम्प माझ्या डब्यापेक्षा भरदार का वाटत होता?

संशय स्पीकरवर गेला. घरी येऊन प्लग काढला, डब्याची मागची फळी उघडली. स्पीकरच्या चुंबकावर छापलेलं होतं : आठ ओहम. (हा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, स्पीकर बदलताना तो जुळायला हवा.) मित्राकडे बारा इंची स्पीकर बसवलेलं कॅबिनेट, म्हणजे नुसतं स्पीकरचं खोकं, पडून होतं, तेही आठ ओहमचंच. डबा तिकडे नेला, आतल्या स्पीकरच्या दोन वायरी काढून त्या कॅबिनेटला जोडल्या आणि गिटारची सर्वांत जाड ई तार छेडली. मित्र स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर आला. "नवीन घेतलास?"

मग मोठ्या उत्साहात पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने बारा इंची, तीनशे वॅटचा स्पीकर काउंटरवर आपटला. "गणपतीत मंडळवाले हाच नेतात." घेणारच होतो, पण मित्राने बाही ओढली. मंडळाचा स्पीकर वरच्या पट्टीतलं सगळं स्वच्छ ऐकवतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर मुद्दाम मान टाकतो, म्हणून डिस्टॉर्शन लावल्यावर, म्हणजे सूर मुद्दाम फाडल्यावर, माशी गुणगुणल्यासारखं होत नाही. दुकानदाराला हे काही पटलं नाही. "स्पीकर तो स्पीकर, साहेब."

शेवटी वापरलेला, गिटारचाच बारा इंची आठ ओहम मिळाला. खोकं सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायचं करून घेतलं. ब्लूज ज्युनियर रविवारी तासाच्या भाड्यात मिळतोच, तो तिथेच बरा. बोनसमधले बरेच पैसे उरलेत. खोक्याला अजून रंग दिलेला नाही, आणि आईने त्यावर तुळशीची कुंडी ठेवायला सुरुवात केली आहे. रियाजाला बसलो की आधी कुंडी खिडकीत हलवायची.