दोन गर्द करडे रंग आणि येऊरचा डोंगर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका घरात दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीला गर्द करडा रंग द्यायचा, हे ठरले होते. अडले होते ते दोन छटांवर. दोन्हींचा एलआरव्ही, म्हणजे ० ते १०० च्या मापावर भिंत किती उजेड परत देते तो आकडा, १० च्या आत होता, त्यामुळे आकड्यावरून निवड होणार नव्हती. फरक टिंटिंग मशीनच्या मिश्रणात होता: काळा दोन्हींत, पण एकीत पिवळा ऑक्साइड पडून ती शेवाळी होते आणि दुसरीत निळा पडून ती पाटीसारखी दिसते.

यजमान पतिपत्नी थ्रीडी चित्र पाहून निळसर छटेकडे झुकले होते. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, भिंतीवर मात्र बाहेरचा उजेड पडावा लागतो, हे चित्र काढून देणारे कधी सांगत नाहीत. मी प्लायच्या दोन तुकड्यांवर प्रायमर आणि रंगाचे दोन-दोन हात देऊन ते त्या भिंतीला टेकवले. थेट भिंतीवर नमुना लावणे मी टाळतो, कारण जुन्या क्रीम रंगाशेजारी गर्द छटा आहे त्याहून काळी भासते आणि रोलरची जाड कड पुढे मॅट रंगातूनही डोकावते.

जुलै होता. खिडकी येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे दुपारचा उजेड हिरवळीवरूनच आत येणार. त्या उजेडात निळसर तुकडा शांत करडा दिसला आणि दुसरा इतका हिरवा झाला की यजमानांच्या आई म्हणाल्या, "अहो, ही तर ओल धरलेली भिंत वाटते." रात्री फॉल्स सीलिंगमधले ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लागले आणि सगळे उलटले: निळसर तुकडा निर्जीव काळा, शेवाळी तुकडा उबदार आणि भारदस्त.

पतिपत्नी रात्री आठनंतर घरी येतात. आई दिवसभर त्या खिडकीपाशी बसतात. निळसर छटा घ्या आणि दिवे ४००० केल्विनचे, म्हणजे कमी पिवळे करा, असे मी सुचवले. पण सीलिंग बंद झाले होते आणि ते पुन्हा उघडायला कोणी तयार नव्हते. कोटेशनवर सही मुलाची होती, त्यामुळे शेवाळी छटा लागली. काम नीट झाले, पैसेही वेळेवर मिळाले, तरी भिंत नेमकी कोणाच्या उजेडात निवडायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

उन्हाळ्यात डोंगर करपला की दुपारीही ती करडी दिसेल, असे मी आईंना सांगितले. "म्हणजे दर पावसाळ्यात हे असंच का?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले.