‘कंबरेत सुई तेवढी घेऊ नको’

सातव्या महिन्यानंतर आईचा एकही फोन या वाक्याशिवाय संपला नाही. आधी खाणंपिणं, मग इथली थंडी, मग ‘जावईबापू भांडी तरी घासतात का’, आणि फोन ठेवता ठेवता, आवाज जरा खाली आणून: ‘कंबरेत सुई तेवढी घेऊ नको. शेजारच्या सुनेची कंबर जन्माची गेली बघ.’ शेजारच्या सुनेचं सिझर झालेलं होतं. तिला ऑपरेशनसाठी एकदाच देतात ती भूल दिली होती. कळांचं दुखणं कमी करायला देतात ते एपिड्युरल वेगळं. पण सोलापुरात दोन्हींचं नाव एकच, ‘कंबरेतली सुई’, आणि दोन्हींची बदनामीही एकच.

मी एडिंबरामध्ये राहते. माझी लेक इथंच झाली, दुपारी चारच्या आत अंधार पडतो त्या डिसेंबरात. त्यामुळे माहेरचं बाळंतपण, सव्वा महिना, शेगडीचा शेक या सगळ्याला मुकणार हे आधीच ठरलेलं. पण माझी खरी भीती त्याची नव्हतीच. भीती कळांची होती आणि ती मी लहानपणापासून जमवलेली होती.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागाच्या कडेला. शेजारच्या अक्का पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड. दुपारी त्यांच्या ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या. बोटं चालू आणि तोंडही. (दिवस गेलेल्या बायकाही त्याच तंबाखूच्या धुळीत बसायच्या. बाळासाठी ते बरं नाही हे तेव्हा कुणी म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी हजार बिड्यांच्या हिशोबानं मजुरी मिळणाऱ्या बाईने काय करायचं होतं?) आम्हा पोरींना तिथं बसायला बंदी नव्हती. फक्त मुद्द्याची गोष्ट आली की ‘जा गं, पाणी घेऊन ये’ व्हायचं. त्यामुळे मला प्रत्येक बाळंतपणाची सुरुवात माहीत होती आणि शेवट माहीत होता. कळा सुटल्या, रिक्षातनं नेलं. मग एकदम ‘मरता मरता वाचली बिचारी’. मधलं सगळं पाणी आणण्यात गेलं.

आणि त्या गोष्टींत बायका दोनच प्रकारच्या असत. एक, जिने तोंडातनं हूं की चूं काढलं नाही. दुसरी, जिने ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला. पहिलीचं कौतुक, दुसरीची तिच्या नातवंडांच्या बारशापर्यंत चेष्टा. मी शाळेत इंजेक्शन घेताना ओरडणारी मुलगी. माझा नंबर कुठं लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

इथं धोका नसलेलं गरोदरपण मिडवाइफ बघते. तिला आपली सुईण म्हणा, पण विद्यापीठात शिकून पदवी घेतलेली. सगळं ठीक असेल तर डॉक्टर शेवटपर्यंत भेटतही नाहीत, आणि याचाच आईला सगळ्यात मोठा धक्का. ‘एवढ्या लांब इंग्रजांच्या देशात जाऊन सुईणच?’ (स्कॉटलंडच्या लोकांसमोर हे वाक्य बोलू नये, दोन्ही कारणांनी.) माझी मिडवाइफ पन्नाशीची, हळू बोलणारी. तिने एका भेटीत वही काढून विचारलं, दुखण्याचं काय करायचं ठरवलंयस? मला प्रश्नच कळला नाही. दुखण्याचं काय करायचं असतं? सोसायचं असतं.

मग तिने एकेक सांगितलं. घरी असेपर्यंत गरम पाणी, चालणं, मोठ्या चेंडूवर बसून डुलणं. पाठीवर चिकटवायचं टेन्स नावाचं छोटं विजेचं यंत्र. कोमट पाण्याचा हौद. नळीतून ओढायचा गॅस. मॉर्फिनच्या जातीचं इंजेक्शन, जे अगदी शेवटी घेतलं तर बाळ सुस्त होऊ शकतं. आणि एपिड्युरल. प्रत्येकाचा फायदा-तोटा सांगून ती म्हणाली, आत्ता काही ठरवू नकोस, ऐन वेळी मत बदललंस तरी चालेल. शौर्याचा विषय तिने काढलाच नाही.

हे शहर या बाबतीत जुनं पापी आहे. 1591 मध्ये इथल्या किल्ल्याजवळच्या टेकडीवर युफेम मॅककॅल्झिअन नावाच्या बाईला चेटकीण ठरवून जिवंत जाळलं. तिच्यावरच्या अनेक आरोपांपैकी एक असा की, बाळंतपणाच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून तिने उपाय मागितला. वेदना देवाने दिलेल्या, त्या टाळायच्या म्हणजे पाप. त्याच शहरात 1847 मध्ये जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरने क्वीन स्ट्रीटवरच्या आपल्या घरी, जेवणानंतर मित्रांबरोबर क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला, आणि लगेच बाळंतिणींना द्यायला सुरुवात केली. विरोध झालाच. धर्माच्या नावानेही झाला आणि डॉक्टरांकडूनही. 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा कुठं प्रतिष्ठितांच्या घरी तो चालू लागला. सिम्प्सनचा पुतळा प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत आहे. शेवटच्या महिन्यात मी रोज त्याच्या समोरून फिरायला जायची. राणीला जे सोसवलं नाही ते सोलापूरच्या पोरीने का सोसावं, असं आईला फोनवर ऐकवलंही. ती म्हणाली, ‘राणीला खाली बसून लादी पुसायची नव्हती.’

आता मधलं, म्हणजे अक्कांच्या ओट्यावर मला कुणी सांगितलं नाही ते.

कळा पहाटे सुरू झाल्या. आधी पाळीत दुखतं तसं ओटीपोटात, मग कंबरेत. दवाखान्यात फोन केला. उत्तर: पॅरासिटामॉल घे, गरम पाण्यात बस, काहीतरी खा, कळा पाच मिनिटांवर आल्या आणि प्रत्येक मिनिटभर टिकायला लागली की परत फोन कर. आई व्हिडिओ कॉलवर होती. ‘पॅरासिटामॉल? ताप आलाय का तिला?’ तिचा संताप मला समजत होता. पण पहिलटकरणीच्या या सुरुवातीच्या कळा तासन्‌तास, कधी कधी दिवसभरही चालतात, आणि पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंत इथं दाखल करायची घाई करत नाहीत. पूर्ण उघडणं म्हणजे दहा. पाणमोट फुटली, अंगावरून लाल गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र कळा असोत-नसोत, लगेच निघायचं. हे त्यांनी दोनदा बजावलं.

मला कुणीही न सांगितलेली गोष्ट ही, की कळ ओसरली की मधे दुखत नाही. निदान बहुतेकींना नाही. मी समजत होते, एकदा दुखायला लागलं की बाळ होईपर्यंत सलग. तसं नाही. कळ चढते, शिगेला जाते, उतरते, आणि पुढची येईपर्यंत तुम्ही पाणी पिऊ शकता, नवऱ्यावर चिडू शकता, डुलकीसुद्धा काढू शकता. एवढं एक वाक्य जरी वेळेवर कानावर पडलं असतं, तरी माझी निम्मी भीती गेली असती.

दवाखान्यात गॅस घेतला. अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रस ऑक्साइड. नळी आपल्याच हातात असते. युक्ती अशी की कळ येतेय वाटताच ओढायला लागायचं, कारण असर व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात. कळ शिगेला गेल्यावर ओढला तर उपयोग कळ संपल्यावर. दुखणं जात नाही, जरा लांब गेल्यासारखं वाटतं. मला त्यात हसू यायला लागलं आणि मी मिडवाइफशी मराठीत बोलत होते, असं नवरा सांगतो. नवरा सबंध वेळ आत होता. पाठ दाबत होता, पाणी देत होता, मधूनच फिकट पडत होता.

माझ्या बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती. अशा वेळी सगळा जोर कंबरेत येतो आणि वेळही जास्त लागू शकतो. संध्याकाळ झाली, सहा सेंटिमीटरवर गाडी अडली. कळा वाढवायचं सलाईन लावायचं ठरलं, आणि मी ‘सुई द्या’ म्हणाले. आई कॉलवर नव्हती हे बरं.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या, तासभर वाट पाहावी लागली. तो तास मला आठवतो आणि आठवायचा नाहीय. त्या आल्यावर पलंगाच्या कडेला बसवलं, हनुवटी छातीला, पाठ बाहेर, आणि कळ आली तरी हलायचं नाही. आधी जागा बधिर करतात. सुई आत राहत नाही. तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत सरकवून सुई काढून घेतात आणि त्या नळीतून औषध देत राहतात. वीसेक मिनिटांत कळा यंत्राच्या कागदावर दिसायच्या आणि मला नुसता दाब कळायचा. मी झोपले. खरंच झोपले.

फुकटात काही मिळत नाही. पाय जड झाले, अंगाला खाज सुटली, थंडी वाजून दात आपटले, लघवीसाठी नळी लावावी लागली, रक्तदाब सारखा तपासत होते. जोर लावायचा टप्पा लांबला. शंभरात साधारण एकीला नंतर जोराची डोकेदुखी होते, त्यावरही उपाय असतो. पण जन्माची कंबरदुखी? एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झालेली आहे, आणि लांबच्या काळाची कंबरदुखी दोन्हींकडे सारखीच निघते. नऊ महिने वाढलेलं वजन, सैल पडलेले सांधे, वाकून पाजणं, पोराला कडेवर घेऊन भाकऱ्या थापणं, हे सगळं सुईच्या नावावर खपतं. एपिड्युरलमुळे सिझरची शक्यता वाढते हेही खरं नाही.

आणखी एक, जे विचारायला सगळ्या लाजतात. जोर लावताना शी होते. पुष्कळ जणींना होते. मिडवाइफ पुसून टाकते आणि पुढचं बोलते. मला महिनाभर या विचाराने झोप नव्हती आणि प्रत्यक्षात कुणाच्या भुवईचा केससुद्धा हलला नाही.

लेक रात्री झाली. थोडे टाके पडले. वार पडल्यावर लगेच चहा आणि लोणी लावलेला टोस्ट आला. इथल्या बायका त्या टोस्टची आठवण वर्षानुवर्षं काढतात. मला डोळ्यासमोर अळिवाची खीर दिसत होती, पण खाल्ला, आणि गोड लागला. सकाळी म्हणाले, जा, अंघोळ करून ये. डोक्यावरून. आईला मी ते आजतागायत सांगितलेलं नाही. आता इथं वाचेल.

एकटेपणाबद्दल मात्र मी इथल्या पद्धतीची बाजू घेणार नाही. दुसऱ्या दिवशी घरी. सरकारकडून प्रत्येक बाळाला मिळणारी कपड्या-पांघरुणांची पेटी घरी होती, मिडवाइफ घरी येऊन बघून जायची, सगळं रीतसर. पण रात्री तीन वाजता दूध उतरत नाही म्हणून रडणाऱ्या बाईला पेटी काय करणार? आई व्हिसा मिळून आली तेव्हा लेक तीन आठवड्यांची होती. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, शेंगाची चटणी (माझ्यासाठी नाही, जावयासाठी) आणि सोलापुरी चादर. दुसऱ्याच दिवशी तिने ओव्याची धुरी केली आणि सगळ्या इमारतीचा धुराचा भोंगा वाजला. शेजारी पायजम्यांत खाली उभे. तेव्हापासून माझी पाठ शेकली गेली ती तव्यावर गरम केलेल्या फडक्याने. शेक छान लागतो, त्यासाठी शेगडी लागत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी मावसबहीण. जुळे सोलापुरात राहते, सातवा लागलाय आणि रात्री अकरानंतर प्रश्न पाठवते. तिच्या थोरल्या जावेला एका नर्सिंग होममध्ये ‘तेव्हा नाही ओरडलीस ती?’ असं ऐकवलं होतं, तेही ऐन कळांत. ते वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलंय कुणास ठाऊक. बहिणीची दुसरी भीती, सिझर करून टाकतील ही. ती काही हवेतली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरची होती, सरकारी दवाखान्यांतली 14.3. मात्र गरज असताना केलेलं सिझर जीव वाचवतं, तेही तिला सांगितलं, कारण उलट्या टोकाला जाऊन ‘काही झालं तरी नॉर्मलच’ म्हणणाऱ्या सासवाही आहेत.

तिला मी म्हटलं, इथलं कौतुक ऐकत बसू नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचार. माझ्याबरोबर आत कोण थांबू शकेल? कळांत चालू देणार का, का सलाईन लावून उताणी झोपवणार? खाली छेद देऊन टाके सरसकट घालता का गरज पडली तरच? एनिमा देता का? दुखण्यासाठी तुमच्याकडे काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बाळंतपणाबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यांत सोबतीचं माणूस, हिंडण्याफिरण्याची मोकळीक आणि मागेल तिला वेदनाशमन, तिन्ही आहेत. आपल्याकडे 2017 मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीचं माणूस आहे. म्हणजे हे प्रश्न परदेशी चोचले नाहीत.

परवा ती नवऱ्याला घेऊन गेली आणि यादी वाचून दाखवली. डॉक्टर आधी हसल्या, मग एकेकाचं उत्तर दिलं. भूलतज्ज्ञ त्यांच्याकडे कायम नसतात, ऑपरेशन असेल तेव्हा बोलावतात, त्यामुळे एपिड्युरल होणार नाही. एनिमा देत नाहीत. टाके गरजेप्रमाणे. आत एक बाई माणूस चालेल, नवरा नाही, कारण खोलीत दुसऱ्याही बाळंतिणी असतात. बहिणीने आई की सासू यावर दोन दिवस घेतले आणि शेवटी अक्कांच्या सुनेला विचारलं. तिची स्वतःची तीन बाळंतपणं झालीत, ती सात रस्त्याजवळ एका दवाखान्यात आया आहे आणि बडबड फार करते. ती हो म्हणाली आहे.