तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जंगल’ लिहिताना माझा हात का अडतो

"जंगल म्हणा, रान म्हणा, वन म्हणा, एकच की! तुम्ही दर वेळी मध्येच का अडवता?" परवा चोपड्याला न्हाव्याच्या खुर्चीतही हेच ऐकलं. गालाला साबण होता, म्हणून गप्प बसलो.

एकच नाही हो. पाऊस लागून राहिला, निंदणी खोळंबली, की आपणच म्हणतो, "वावरात जंगल माजलंय." आयुर्वेदातला जांगल देश तर कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. ‘वन’ राहतं कागदावर. बोलताना सगळं ‘फॉरेस्ट’.

2009 साली सातपुड्यातल्या एका पाड्यावर मी वनहक्काचे दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे अर्ज, लिहून देत होतो. अक्षर बरं, एवढीच लायकी. एक पावरा आदिवासी बाबा खाटेवर बसून त्यांच्या बोलीत सांगत होते, शेजारचा पोरगा मराठी करत होता. "बाबा म्हणतात, दर साल पेरणीआधी जंगल साफ करतो." मी लिहिलं, ‘जंगल साफ करून शेती करतो.’ बाबांनी अंगठा उठवला, जास्तीची शाई खाटेच्या सुतळीला पुसली. बांधावर उपटलेल्या घाणेरीच्या झुडपांचा ढीग वाळत पडला होता. माझी मोटरसायकल त्यालाच खेटून उभी. तेच ते जंगल.

2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात हवी. दावा फेटाळला गेला. कारणात माझंच वाक्य: अर्जदार जंगल तोडत असल्याचं स्वतःच कबूल करतो.

माझं काय चुकलं? पोरानं जंगल म्हटलं, मी जंगल लिहिलं. ‘दर साल पेरणीआधी’ तेवढं गाळलं. ओळीत मावत नव्हतं. हे फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे काही वर्षं मी तावातावानं सांगत फिरलो, की सरकारनं प्रत्येक शब्दाची व्याख्या छापावी. आता तेही छातीठोकपणे म्हणवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 1996 ला सांगितलंच होतं की वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थानं वन, मालकी कुणाचीही असो. त्या आदेशानं कुऱ्हाडी थांबल्या, हे मान्य. पण बाबांची घाणेरी कुठल्या कोशात बघायची?

अपिलाचा अर्ज लिहायला त्यांनी पुन्हा मलाच बोलावलं. या वेळी मी जपून ‘तण व झुडूप’ लिहिलं. पोरानं वाचून दाखवलं. बाबा त्याला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मी जंगल म्हटलं होतं."

कोरा फॉर्म दुसरा नव्हता. तसाच अंगठा घेतला.